डावं मडगार्ड

माझ्या वर्कशॉपच्या दारावर पाटी आहे, 'हात लावू नका'. तिच्याखाली दुसरी ओळ, 'विचारूनसुद्धा नाही'. ही दुसरी ओळ मी नंतर लिहून घेतली, कारण लोक "हात लावू का?" असं विचारायचे आणि मी तोंड उघडायच्या आत तळवा बॉनेटवर टेकवून मोकळे व्हायचे. आमच्या धंद्यातली माणसं मला पाठीमागे 'हातनको बाई' म्हणतात. समोर 'ताई, ताई' करतात. म्हणू देत. मला काही फरक पडत नाही. पडतो, पण ते जाऊ दे.

मी जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचा मूळ रंग सांभाळते. मूळ म्हणजे गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्या अंगावर होता तो. पहिल्या भेटीत जवळजवळ प्रत्येकजण विचारतो, "म्हणजे तुम्ही गाड्या रंगवता?" अहो, नाही! रंगवणारे पैशाला पासरी मिळतात. मी रंगवू देत नाही, हाच माझा धंदा. त्या काळच्या रंगावर आजच्यासारखा पारदर्शक लॅकरचा थर नसायचा. वर दिसतो तोच रंग खाली प्रायमरच्या अस्तरापर्यंत. त्यामुळे पॉलिश करायला बसलं की फडक्याला रंग लागतो आणि घासणारा खूश होतो, वा, काय मळ निघतोय! मळ कसला डोंबलाचा. रंग निघतोय तो. गाडी हवी तितक्या वेळा रंगवता येते, कारखान्याचा रंग मात्र एकदाच मिळतो. हे मी गिऱ्हाइकांना सांगते, ती मान डोलावतात आणि बहुतेक जण ऐकतात.

ऐकत नव्हते ते आमचे बाबा.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांचे डोळे तपासायचे, नंबर काढायचे आणि मागच्या खोलीत बसून काचा स्वतः घासायचे. यंत्रं आली तरी शेवटचा हात त्यांचाच. नवा चष्मा नेलेलं एखादं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी कुरकुरत परत यायचं, "धूसर दिसतंय हो." बाबा वाद घालायचे नाहीत. दुसरी काच लावून बघायचे, मग तिसरी. सगळ्यांतून धूसरच दिसलं की काचा पेटीत ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "काचेत काही नाहीये. डोळा डॉक्टरांना दाखवून घ्या." दुकानातल्या बाकावर बसून गृहपाठ करताना मी हे इतक्या वेळा ऐकलंय की पाढ्यांबरोबर ते वाक्यही मला पाठ झालं.

गाडी दोन सीटची, वर कापडाचं छत, रंगाने गर्द हिरवी. बाबांनी ती कोरी घेतली, लग्नाआधी. "आधी घेतली म्हणून वाचली," आई म्हणते. "नंतर आणली असती तर घरात एक तर ती राहिली असती नाहीतर मी." दर रविवारी सकाळी बाबा गॅरेजमध्ये स्टूल टाकायचे, रबिंग पेस्टचा चपटा डबा उघडायचे आणि डाव्या मडगार्डपासून सुरुवात करायचे. मग दार, मग मागची बाजू, आणि फिरून पुन्हा पुढे. दुपारपर्यंत त्यांची नखं हिरवी व्हायची. माझ्या वर्गातल्या मुलींना वाटायचं, हिचे वडील भिंती रंगवतात. आई दारातून बघायची आणि म्हणायची, "माझ्या दुखऱ्या पाठीवरून कधी इतक्या मायेने हात फिरवला नाही या माणसाने."

मी या धंद्यात पडले ती त्या गाडीपायी. तिच्यावर नखाएवढाही बाहेरचा रंग नव्हता. कारखान्यात फवारताना मागच्या चाकाच्या कमानीखाली एक ओघळ राहून गेला होता, तोसुद्धा जसाच्या तसा. लहानपणी मी त्या ओघळावरून बोट फिरवत बसायचे. पुढे कितीतरी गाड्या माझ्या हाताखालून गेल्या, नावाजलेल्या, महागड्या, पण अशी अंगभर मूळ रंगातली दुसरी बघितली नाही. ती तशीच राहावी एवढंच मला हवं होतं. फार मागत होते का मी?

दुकान बंद केलं आणि बाबांचा रोजच रविवार झाला. सकाळचा चहा घेतला की गॅरेज. त्यात एक नवीन पालुपद सुरू झालं.

"धूसर झालीय गं गाडी. तजेला गेला तिचा."

"कुठे गेलाय? ही ट्यूबलाइट बघा बाबा, दारात कशी सरळ रेघ दिसतेय."

"रेघ? मला तर पसरट पट्टा दिसतोय. दूध सांडल्यासारखा."

"काहीतरीच काय!"

"तुला रंग कळतो, मान्य. पण चमक मला शिकवू नकोस. जन्मभर काचा घासल्यात मी."

मी माझं जाडी मोजायचं यंत्र घेऊन आले. रंगावर टेकवलं की खाली पत्र्यापर्यंत किती थर उरलाय ते सांगतं. दार ठीक होतं, डिकी ठीक होती. डाव्या मडगार्डच्या वरच्या बाजूला मी यंत्र तीनदा टेकवून बघितलं. तिथे रंग नव्हताच म्हणा ना, नुसती हिरवी साय उरली होती. साहजिकच आहे, सुरुवात रोज तिथून, सकाळचा ताजा जोर तिथे.

"बाबा, एक काच किती वेळा घासता येते?"

"संपेपर्यंत."

"मग हे संपत आलंय."

"काच वेगळी, पत्रा वेगळा," म्हणाले, आणि फडकं पुन्हा सुरू. मी समोर उभी असताना! दुसरं कुणी असतं तर दंडाला धरून बाहेर काढलं असतं. बापाला कुठे बाहेर काढणार? गॅरेज त्यांचं, गाडी त्यांची, आणि मीही त्यांचीच.

त्यांची कुरकुर काही गाडीपुरती नव्हती. घरातले दिवे त्यांना मंद वाटायला लागले, आईला धडाधड बल्ब बदलायला लावले. स्वतःच्या चष्म्याच्या काचा स्वतःच बदलून आणल्या आणि वर म्हणाले, हल्ली काचेचा दर्जाच राहिला नाही. आई म्हणाली, "म्हातारपण आलंय, दुसरं काय! आता यांना जगातलं काहीच पसंत पडायचं नाही." मला ते अगदी पटलं. आम्ही दोघी त्यावर हसलोसुद्धा.

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, फरशा विकतो. मोठं दुकान आहे त्याचं, आत गेलं की चहूकडे आपलंच तोंड दिसतं. जे चकाकत नाही ते घाण, असं त्याचं सरळ गणित. त्याचा फोन आला.

"ऐक, बाबांच्या वाढदिवसाला गाडी अख्खी नवीन रंगवून देऊ. माझा माणूस आहे एक. वरून असा जाड लॅकर मारेल की बाबा जन्मभर घासत बसले तरी झिजायचा नाही. तेही खूश, तूही खूश."

"मी खूश? दादा, तू शुद्धीवर आहेस का? अरे तो रंग..."

"मूळ आहे, माहितीये. तुझं हे पुराण पाठ आहे मला. पण एक सांग, गाडी कुणाची? त्यांना ती धूसर दिसते, ते रोज उठून कष्टी होतात. तुला गाडी वाचवायचीय. बाप कष्टी झाला तर होऊ दे."

दादा असं बोलला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, कारण त्यात कुठेतरी तथ्य असतं. मी फोन आपटला. तेवढाच एक मार्ग मोकळा होता.

पण रात्रभर ते डोक्यात फिरत राहिलं आणि सकाळी मी एक शक्कल लढवली. आई-बाबांना काही दिवस मावशीकडे पाठवलं आणि गाडी ताब्यात घेतली. आधी तेलकट मलम हलक्या हाताने रंगात जिरवलं. जुना कोरडा रंग ते तहानल्यासारखं पितो आणि आतून खुलतो. वरून मेणाचा पातळ थर दिला. शेवटी बाबांचा पेस्टचा डबा धुऊन त्यात साधं पांढरं क्रीम भरलं, ज्याने लोण्यावरसुद्धा ओरखडा उठणार नाही असं. आता घासा म्हटलं, हवं तितकं घासा.

परत आल्या आल्या बाबांनी डबा नाकाशी नेला.

"वास वेगळा येतोय."

"कंपनीने बदललाय," मी बेधडक ठोकून दिलं.

बाबा घासायला लागले. फडकं उलटून बघितलं, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. पांढरंच्या पांढरं.

"काहीच निघत नाहीये."

"मळच नाही तर निघणार काय?"

"मग धूसर का दिसतेय?"

"तुमच्या मनाने घेतलंय म्हणून! किती सुंदर दिसतेय ती, जरा नीट बघा तरी!"

बाबांनी डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं जिंकले. दादाला मुद्दाम फोन करून ऐकवलं की ज्याला डोकं आहे त्याला रंगाची गन लागत नाही. तो म्हणाला, "बघू." दादाचं 'बघू' मला लहानपणापासून आवडत नाही.

आईचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला पॉलिशवरूनच झापत होते. "असशील तशी ये," एवढंच म्हणाली.

बाबा गॅरेजमध्ये स्टूलवर बसले होते. मांडीवर दुकानातली लाकडी पेटी. दुकान आवरताना सगळं विकून टाकलं, ही पेटी तेवढी घरी आणली होती. तिच्यात काचा घासायची पूड असायची, दोन प्रकारची. शेवटचा हात द्यायची मऊ पूड, आणि काचेला आकार आणायची खरखरीत. खरखरीत पुडीची बरणी उघडी होती. हातात ओल्या कापडाचा बोळा. आणि डाव्या मडगार्डवर हिरवा रंग संपून करडा प्रायमर लागला होता, प्रायमरही संपून मधोमध उघडा पत्रा लकाकत होता. चांगला ताटाएवढा.

"आता कुठे निघायला लागलं बघ," बाबा म्हणाले. काय आनंद होता त्या आवाजात! "तुझ्या त्या नव्या पेस्टमध्ये काही दमच नव्हता. आधी बारीक पुडीने केलं, ढिम्म हललं नाही. मग म्हटलं ही घेऊन बघू."

मी किंचाळले. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. "तुम्हाला काही कळतं का हो? पत्रा दिसतोय, पत्रा! काचा घासणाऱ्या माणसाला एवढं कळू नये? जगाच्या गाड्या वाचवत हिंडते मी आणि माझ्याच घरात हा सत्यानाश!" आई दारात उभी होती, ती "अगं, अगं" करत होती. मी कुणाचं ऐकते! बाबा बोळा हातात धरून त्या जागेवर वाकले. अगदी नाक टेकेल इतके वाकले.

"चमकतंय की," ते म्हणाले.

मला वाटलं, माझी टिंगल करतायत. मी पेटी त्यांच्या मांडीवरून उचलली आणि पाय आपटत बाहेर गेले.

दादा संध्याकाळी आला. मडगार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पेस्टचा डबा कुणी बदलला होता?" डब्याची गंमत मी आईच्या कानावर घातली होती, तिने त्याला सगळं सांगून टाकलेलं होतं. जुनी पेस्ट असती तर बाबांना फडक्यावर थोडं हिरवं दिसलं असतं आणि ते समाधानाने उठले असते. माझ्या हुशारीने फडकं पांढरं ठेवलं म्हणून त्यांनी पेटी उघडली. हे दादा बोलला नाही, पण त्याला बोलायची गरजही नव्हती.

मी माघार घेतली, पण अटी घालून. रंगवायचं ते फक्त डावं मडगार्ड. दाराला, बॉनेटला थेंब लागता कामा नये. आणि रंगाची छटा मी मिसळणार, दुसरं कुणी नाही. दादाची अट एकच, वरून लॅकर मारायचा, म्हणजे पुन्हा पेटी उघडली तरी चिंता नको.

दादाचा माणूस आला. त्याचं एक बोट कायम रंगाच्या गनचा खटका दाबल्यासारखं वाकलेलं, म्हणून त्याला सगळे पिस्तूल म्हणतात. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ताई, अख्खीच मारून टाकू ना. एवढ्याशा मडगार्डसाठी गन धुवायची म्हणजे..."

"एक थेंब जरी दारावर उडाला, तर त्या गनमध्ये तुलाच भरून उडवीन."

"बरं, ताई," म्हणाला, आणि निमूटपणे सगळी गाडी कागदाने झाकायला लागला.

मी छटा मिसळायला बसले. नवा हिरवा रंग फार उतावळा दिसतो, त्याला जुन्याशेजारी बसायचं म्हणजे वय द्यावं लागतं. कणभर काळा, कणभर पिवळा, पुन्हा थोडा हिरवा. उन्हात बघ, सावलीत बघ, दिव्याखाली बघ. दातओठ खात केलं, पण केलं. आणि पिस्तूलने मारलंही असं झकास की कागद काढल्यावर मडगार्ड कुठे संपतं आणि दार कुठे सुरू होतं ते मलाही यंत्र लावल्याशिवाय सांगता येईना. राग याचा की त्यात खोट काढायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे गॅरेजमध्ये जमलो. दार सताड उघडं होतं, ऊन थेट गाडीवर येत होतं. दादाने डाव्या मडगार्डमध्ये बघून केसांवरून कंगवा फिरवला. मुद्दाम, माझ्यासाठी. पिस्तूल लाजून हसत होता. आईने बाबांना हाताला धरून आणलं, माझ्या त्या आरडाओरड्यानंतर ते गॅरेजमध्ये फिरकलेच नव्हते.

बाबांनी मडगार्डवरून तळवा फिरवला. "गुळगुळीत झालंय," म्हणाले. मग वाकले, मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"धूसर आहे."

पिस्तूलचं हसू मावळलं. दादाचा तोल गेला, आणि दादाचा तोल सहसा जात नाही. "अहो बाबा, आता मात्र हद्द झाली! यात बघून दाढी करता येईल! काल रंगवलंय, वर लॅकर मारलाय, आरसा आहे हा, आरसा! आता तुम्हाला आणखी काय पाहिजे?"

"ओरडू नकोस रे," बाबा म्हणाले. "दिसतंय ते सांगतोय."

त्यांनी दाराकडे बघितलं. मग मडगार्डकडे. पुन्हा दाराकडे. "दोन्ही सारखंच दिसतंय."

"सारखं दिसणारच," मी फणकाऱ्याने म्हणाले. "छटा मी मिसळलीय." एवढं बोलले आणि बाबांच्या हाताकडे माझं लक्ष गेलं.

बाबांनी चष्मा काढला होता. शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. उजव्या डोळ्यावर तळव्याची वाटी करून धरली आणि दाराकडे बघितलं. मग डाव्या डोळ्यावर. दुकानातल्या खुर्चीवर बसवलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचे तसं, न दाबता, अलगद. दुकानाच्या बाकावर बसून मी हे हजारदा बघितलंय. आता ते काय म्हणणार ते मला ठाऊक होतं आणि त्यांनी ते म्हणू नये असं वाटत होतं.

"काचेत काही नाहीये," बाबा म्हणाले.

दादाला अजून कळलं नव्हतं, तो माझ्या तोंडाकडे बघत होता. आईला कळलं. तिने स्टूल पुढे ओढलं आणि बाबांना बसवलं.

बसल्यावर बाबांनी मला विचारलं, "म्हणजे गाडी आधीसुद्धा धूसर नव्हती?"

"नव्हती, बाबा."

"मग इतके दिवस मी काय काढत होतो गं?"

मी हातनको बाई. हे उत्तर मी दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या तोंडावर मारते. दादाकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता. आई बाबांच्या पाठीवरून हात फिरवत होती. सांगायला मीच उरले होते.

"रंग," मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली. गिऱ्हाइकाने नंबर मान्य करावा तशी.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. डॉक्टर बाबांच्या ओळखीचे, बाबांनीच जन्मभर त्यांच्याकडे माणसं पाठवलेली. ते आमच्यावर बरसले. "अहो, चष्मेवाल्याचं घर तुमचं. घरात एवढी माणसं, कुणालाच शंका आली नाही?" काय सांगणार त्यांना? आमच्या घरात डोळे तपासायचं काम बाबांचं होतं. आईचे, दादाचे, माझे, सगळ्यांचे डोळे बाबांनी वेळच्या वेळी तपासले. बाबांचे कुणी तपासायचे असतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही. मला रंग कळतो म्हणून मी दिवा आणि भिंग घेऊन रंग बघत बसले. दादाला चकचकीत कळतं म्हणून त्याने चकचकीत करून दिलं. ती गाडी मी इतक्या जवळून बघितली आणि तिच्या शेजारी स्टूलवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत एकदा वाकून बघितलं नाही. याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून कळत नाही, म्हणून मी तो दिसेल त्याच्यावर काढते.

ऑपरेशनं झाली, दोन्ही नीट पार पडली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बाबा पहिल्यांदा गॅरेजमध्ये गेले, मी मागोमाग. डाव्या मडगार्डसमोर उभे राहिले, आणि चष्मा सावरायलाही थांबले नाहीत.

"हे आपलं नाही."

"छटा जुळली नाही का?" मला रडू यायला लागलं होतं आणि वर रागही.

"छटा छान जुळलीय. चमक वेगळी आहे. ही वरवरची आहे." चमक मला शिकवू नकोस म्हणाले होते, ते उगीच नव्हतं.

मग ते दाराकडे वळले. ऊन होतं. हिरव्या रंगात समोरच्या घराची खिडकी सरळ उभी दिसत होती, बाबा स्वतः दिसत होते. कितीतरी वेळ बघत राहिले. हात लावायला पुढे केला, आणि मधेच थांबवून पाठीमागे नेला. दोन्ही हात पाठीमागे, एकात एक. माझ्या वर्कशॉपमध्ये पाहुणे उभे राहतात ना, पाटी वाचल्यावर, तसे.

"अशीच होती?" त्यांनी विचारलं.

"अशीच होती."

तेव्हापासून बाबा गाडीला हात लावत नाहीत. रोज जातात, स्टूलवर बसतात, बघतात आणि उठतात. पेस्टचा डबा त्यांनी स्वतः टाकून दिला. त्यांची नखं आता पांढरी स्वच्छ आहेत, आणि ती मला बघवत नाहीत. अख्खं आयुष्य मी ज्यासाठी घसा फोडला ते मला मिळालं. आता ते कुणाच्या डोक्यात घालू?

गाडीवर धूळ बसायला लागली. मी एक मऊ कोरडं फडकं नेऊन बाबांच्या हातात कोंबलं. "नुसती धूळ पुसा. धूळ पुसल्याने काही होत नाही. मी सांगतेय ना, मी!"

"नको."

"अहो, मूळ रंगालाही धूळ पुसलेली लागते! हट्ट कसला करताय?"

"नको गं. जाईल तो." फडकं त्यांनी परत माझ्या हातात दिलं. "तू पूस. मी बघतो."

एवढा संताप आला मला. बसले तशीच खाली, आणि डाव्या मडगार्डपासून सुरुवात केली. खसाखसा पुसत दारापर्यंत आले, तसे बाबा स्टूलवरून पुढे झुकले.

"हळू गं," म्हणाले. "घासू नकोस."